चर्च आणि हॉटेल, की चिरेबंदी बाग : आयरिश लग्नाच्या दोन वाटा

आयर्लंडमध्ये लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यापुढे, विशेषतः दोघांपैकी एक जण इथला आणि दुसरा महाराष्ट्रातला असेल तर, आज ठळकपणे दोन वाटा असतात. पहिली वाट वधूच्या गावातले कॅथलिक चर्च, तिथून जवळचे मोठे हॉटेल, बैठे जेवण, भाषणे, बँड आणि रात्री उशिरा चहासोबत सँडविच अशी ठरलेली आहे. दुसऱ्या वाटेवर याच परंपरेतले आपल्याला खरोखर प्रिय असलेले भाग ठेवून बाकीचा दिवस स्वतःच्या मनाप्रमाणे मांडता येतो. माझे सासर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्यात, त्याच्या पश्चिम भागात आहे आणि आम्ही दोघांनी दुसरी वाट धरली. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वाचकाला लवकरच कळेल. तरीही पहिल्या वाटेने गेलेल्या अनेक लग्नांत मी मनापासून रमलो आहे आणि तिचे गुण नाकारण्याचे मला काही कारण दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने दोन्हींत फारसा फरक नाही. २००४ च्या नागरी नोंदणी कायद्यानुसार रजिस्ट्रारला तीन महिने आधी सूचना द्यावीच लागते, त्यासाठी दोघांना प्रत्यक्ष हजर राहावे लागते, आणि मग मिळणारा विवाह नोंदणी अर्ज लग्नाच्या दिवशी अधिकृत यादीतल्या विवाहकर्त्याच्या हाती द्यावा लागतो. हा विवाहकर्ता चर्चचा धर्मगुरू असो वा दुसऱ्या कोणत्या संस्थेचा, सही वधूवरांची, त्याची आणि दोन साक्षीदारांची. भारतात जन्मलेल्याने जन्मदाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का आधीच घेऊन ठेवावा, कारण हे काम आयत्या वेळी तिथल्या नातेवाइकांवर सोपवणे दोन्ही बाजूंना जड जाते. फरक पडतो तो वाराचा आणि जागेचा. सरकारी रजिस्ट्रार फक्त सोमवार ते शुक्रवार लग्न लावतात. २०१३ पासून ह्यूमॅनिस्ट असोसिएशन या मानवतावादी, धर्म न मानणाऱ्या संस्थेच्या विवाहकर्त्यांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि शनिवारी, चर्चबाहेर, तरीही कायदेशीर लग्न करणे कितीतरी सोपे झाले. मात्र जागा लोकांना खुली असलेली हवी. सासऱ्यांच्या परसात लग्न लावायची इच्छा कितीही गोड असली तरी खासगी घर त्या अटीत बसत नाही.

चर्चची पहिली जमेची बाजू म्हणजे तिथे छप्पर आहे, आणि अटलांटिकच्या काठावर ही गोष्ट क्षुल्लक नाही. लग्नाच्या आदल्या रात्री चाइल्ड ऑफ प्राग, म्हणजे बाळ येशूची छोटी मूर्ती, कुंपणाखाली ठेवली की दुसऱ्या दिवशी ऊन पडते असा इथे समज आहे. मूर्तीचे डोके आपोआप तुटलेले असेल तर अधिकच शुभ. माझ्या आजेसासूबाईंची मूर्ती तशीच होती, मानेशी गोंदाचा पिवळसर वळ असलेली, आणि ती त्यांनी आमच्यासाठीही मोठ्या श्रद्धेने बाहेर ठेवली होती. दुसरी बाजू अशी की चर्चमध्ये विधीचा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो. कोणी कधी उभे राहायचे, कोणते उत्तर एकत्र म्हणायचे, हे साठ वर्षांच्या मावशीला आणि सात वर्षांच्या भाच्याला सारखेच ठाऊक असते, आणि त्या एका सुरातल्या उत्तरांत गावाचे गावपण ऐकू येते. वधूचा बाप्तिस्मा ज्यांनी केला त्याच धर्मगुरूंनी तिचे लग्न लावावे, ही आजी-आजोबांची इच्छा हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखी नाही.

आंतरधर्मीय लग्नात मात्र चर्चच्या वाटेवर आणखी काही पायऱ्या येतात. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपकडून विशेष परवानगी लागते, विवाहपूर्व अभ्यासवर्ग करावा लागतो आणि मुलांना कॅथलिक संस्कारांत वाढवण्यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन असे वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावे लागते. आम्हाला भेटलेले धर्मगुरू अतिशय प्रेमळ होते आणि त्यांनी हे सारे न दडपता समजावून सांगितले. ज्या जोडप्याला ते वचन मनापासून देता येते त्याने ते जरूर द्यावे. आमचे या प्रश्नावर अजून बोलणेच पुरे झाले नव्हते, आणि वेदीपुढे अर्धवट मनाने बोलणे पत्नीला तिच्याच श्रद्धेचा अपमान वाटला असता.

तरीही आमचा निर्णय खरोखर झाला तो याहून पुष्कळ साध्या कारणाने, आणि ते कारण म्हणजे मधली दुपार. चर्चमधला विधी बहुधा एक-दोनच्या सुमारास असतो, कारण शनिवारी संध्याकाळी तिथे रविवारची आगाऊ प्रार्थना व्हायची असते. हॉटेलच्या जेवणाची घंटा पाचच्या पुढे वाजते. मधले तास छायाचित्रकाराचे. वधूवर आणि त्यांची करवली-मंडळी गाडीत बसून समुद्राकडे किंवा एखाद्या पडक्या मठाकडे जातात, आणि पाहुणे हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे राहून वाट पाहतात.

पत्नीच्या चुलत बहिणीच्या लग्नाला माझे आईबाबा साताऱ्याहून आलेले होते. विधी त्यांना फार आवडला. त्यानंतर ते हॉटेलच्या प्रवेशाजवळच्या कोचावर बसले, कारण तेवढीच जागा मोकळी होती. तबकांतून ब्राउन ब्रेडवर ठेवलेला सामन मासा फिरत होता, काडीला टोचलेली छोटी सॉसेज फिरत होती. आई शाकाहारी, त्यामुळे तिने चहा आणि लोणीदार बिस्किटे घेतली, पुन्हा चहा घेतला आणि हातातली पर्स या मांडीवरून त्या मांडीवर करत राहिली. समोर वधूचे आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून झोपी गेले होते. लोक वागायला वाईट नव्हते. उलट दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन हवामानाविषयी आपुलकीने बोलून जात होते. पण ज्या दोघांसाठी सगळे जमले होते तीच दोघे तिथे नव्हती. ती परत आली तेव्हा टाळ्यांच्या गजरात थेट मुख्य मेजाशी नेली गेली, मग जेवण, मग वधूपिता, वर आणि बेस्ट मॅन यांची भाषणे, आणि आईला वधूचा हात हातात घेऊन आशीर्वाद देता आला तो रात्री, बँडचा आवाज सुरू झाल्यावर. तिने काय म्हटले ते वधूला ऐकू आले नसावे.

यात दोष कोणा एकाचा नाही. चर्चचे वेळापत्रक, हॉटेलचे स्वयंपाकघर आणि छायाचित्रकाराला हवा असलेला उतरता प्रकाश या तिघांच्या सोयी एकमेकींत अडकल्या की ही पोकळी तयार होते. काही हॉटेले ती वादक बसवून, मुलांसाठी खेळ मांडून नीट भरतात आणि तरुण पाहुण्यांना ती खुपतही नसावी. परंतु सुमारे पाच हजार मैलांवरून आलेल्या, भाषा अडखळत बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर तेच तास दिवसाचे सगळ्यांत लांब तास ठरतात, आणि एकदा ते तसे पाहिल्यावर मला दुसरे काही दिसेनासे झाले.

म्हणून आम्ही जागा एकच ठेवली. एका जुन्या वाड्याची उंच चिरेबंदी भिंतींनी वेढलेली, लोकांना खुली असलेली बाग होती; भिंतीमुळे समुद्रावरचा वारा आत फारसा येत नव्हता आणि पाऊस आलाच तर शेजारच्या दगडी कोठारात खुर्च्या हलवता येत होत्या. कुटुंबाची छायाचित्रे विधीच्या आधीच काढली. लग्नाआधी वराने वधूला पाहू नये ही रीत त्यामुळे मोडली आणि सासूबाईंना ते थोडे लागले, हे नमूद करायला हवे. विधी दुपारी उशिरा ठेवला आणि तो संपताच कोठाराच्या दारातून सूपची पातेली बाहेर आली : एक माशांचे चाउडर, एक बटाटा आणि लीकचे. आम्ही दोघे वाडगे भरून देत उभे राहिलो. प्रत्येक पाहुणा आमच्या समोरून गेला, प्रत्येकाशी दोन शब्द झाले, आणि आईने आशीर्वाद दिला तो सगळ्यांत आधी, उजेडात.

विधी कोणाकडून करून घ्यायचा हा प्रश्न इथे बारकाईने पाहावा लागतो. ह्यूमॅनिस्ट विवाहकर्ते संहिता सुंदर लिहितात, जोडप्याची कथा मन लावून ऐकतात, पण त्यांचा विधी तत्त्वतः धर्मनिरपेक्ष असतो. त्यात मंगलाष्टके किंवा आजीची प्रार्थना बसवायची म्हटली तर ते बहुधा नम्रपणे नकार देतील, आणि ते त्यांच्या भूमिकेला धरूनच आहे. ज्यांना दोन्हीकडचे काही धार्मिक ठेवायचे आहे त्यांनी आंतरधर्मीय संस्थांच्या विवाहकर्त्यांकडे जावे असे मी सुचवेन. आम्ही तेच केले. आत्याने मंगलाष्टके म्हटली, आजेसासूबाईंनी आयरिश भाषेतली प्रार्थना म्हटली, आणि कायद्याला हवी असलेली दोन विधाने, म्हणजे विवाहाला कोणतीही बाधा नाही आणि आम्ही एकमेकांचा स्वीकार करतो, ही आम्ही इंग्रजीत केली. ही विधाने वधूवर, विवाहकर्ता आणि साक्षीदार या सर्वांना समजणे आवश्यक असते. साक्षीदार म्हणून मराठीच बोलणाऱ्या काकांना उभे करायचे असेल तर दुभाषाची सोय आधी करावी.

हॅण्डफास्टिंग म्हणजे हात बांधण्याचा विधी चर्चच्या लग्नातही कधीकधी करू देतात, परंतु तो तिथे पाहुण्यासारखा येतो. आमच्या लग्नाचा तो गाभाच होता. जोडलेल्या हातांवर आधी आजेसासूबाईंच्या कॅरिकमाक्रॉस लेसची, म्हणजे त्या नावाच्या आयरिश गावच्या जाळीदार विणकामाची, पट्टी नुसती पसरली, कारण ती नाजूक आणि ओढल्यास फाटणारी. तिच्यावरून दोरी टाकली. दोघांनी आपापल्या बाजूचे खाली लोंबणारे टोक बोटांच्या चिमटीत धरायचे आणि हात अगदी सावकाश मागे घ्यायचे, म्हणजे मध्ये आपोआप गाठ बसते. रेशमी दोरी यात निसटते. सासूबाईंनी लोकरीची वळलेली दोरी दिली आणि तिची गाठ पक्की बसली. गाठ पडताना माझ्या घरच्यांच्या बाजूने एक हुंकार उठला, कारण उपरणे आणि शालूची गाठ पाहत मोठे झालेल्यांना तिथे काही समजावून सांगावे लागले नाही.

संगीतातही तोच फरक जाणवतो. चर्चमध्ये भक्तिसंगीत हवे असा सर्वसाधारण नियम आहे आणि हॉटेलमध्ये बँड व त्यामागून डीजे हा क्रम असतो. दोन्ही चांगले असू शकतात. पण क्लेअर हा कॉन्सर्टिनाचा, म्हणजे दोन हातांत धरून वाजवायच्या छोट्या भात्याच्या वाद्याचा, प्रदेश आहे. इथे प्रत्येक घरात कोणीतरी वाजवणारे असते, आणि मोकळ्या मांडणीत या माणसांना वेळेची चौकट न घालता वाजवता येते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्या उजेडात कॅलेडोनियन सेट हा जोड्यांनी करायचा पारंपरिक नाच सुरू झाला, आणि मग भिंतीच्या दारातून स्ट्रॉबॉईज आले : डोक्यावर गवताच्या पेंढीची उंच टोकदार टोपी, तोंड झाकलेले, कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. पश्चिमेकडची ही जुनी प्रथा आहे. ते येतात, त्यांचा म्होरक्या वधूसोबत नाचतो, शुभेच्छा देतात आणि निघून जातात. आता पैसे देऊन त्यांची पथके बोलावता येतात आणि हॉटेलांत ती ठरल्या वेळी येतात. आमच्याकडे आले ते सासऱ्यांचे शेजारी होते. बाबांना त्यांच्यातल्या एकाने हात धरून नाचात ओढले तेव्हा गवताचे तूस बाबांच्या कोटाला चिकटले, आणि ते त्यांनी झटकू दिले नाही.

दुसऱ्या वाटेची किंमत मात्र कष्टांत मोजावी लागते. हॉटेलच्या ठरावीक दरात समन्वयक, खोल्या, टेबलांवरची फुले, रात्रीचा खाऊ हे सारे येते. स्वतः मांडणी केली की यातली प्रत्येक वस्तू कोणाला तरी फोन करून मिळवावी लागते. मोकळ्या शेतात मंडप घालणार असाल तर जनित्र, स्वच्छतागृहे आणि मुख्य म्हणजे लाकडी जमीन यांचा खर्च आधी विचारा, कारण पश्चिमेकडची माती जूनमध्येही ओली असते आणि टाचांचे बूट तिच्यात रुततात. एकंदर खर्च हॉटेलपेक्षा कमी होईल अशी खात्री मी देणार नाही. ज्यांचे कुटुंब लहान आहे, ज्यांना मदतीला भावंडे नाहीत, किंवा ज्यांच्या आजीचे मन चर्चखेरीज कशानेही शांत होणार नाही, त्यांच्यासाठी पहिली वाट मला अधिक योग्य वाटते. फक्त त्यांनी हॉटेलशी बोलताना जेवणाची वेळ आधी आणण्याविषयी आग्रह धरावा आणि छायाचित्रे सकाळी काढावीत.

ज्यांच्याकडे हाताशी माणसे आहेत आणि दुरून येणारे वडीलधारे आहेत, त्यांनी दुसऱ्या वाटेचा गंभीरपणे विचार करावा, आणि तसे ठरलेच तर जागेच्या आधी विवाहकर्ता पक्का करावा. उन्हाळ्यातले शनिवार त्यांच्याकडे वर्षभर आधी भरतात. बाग एखाद्या आठवड्याने पुढे-मागे मिळू शकते. दोन्ही भाषांतल्या प्रार्थना आनंदाने ऐकून घेणारा विवाहकर्ता तितका सहज मिळत नाही.