डॉक्टर-परिचारिकांसाठीची ‘सहकारी आधार’ सेवा : एका भूलतज्ज्ञाचा अभिप्राय

गेल्या वर्षी पित्ताशयाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या अँटिबायोटिकची तीव्र ॲलर्जी होऊन माझी एक रुग्ण दगावली. तिला पूर्वी कसलीही ॲलर्जी नव्हती, औषधाची मात्रा योग्य होती आणि अशा ॲलर्जीवरचे तातडीचे औषध, ॲड्रेनलिनही वेळेत दिले गेले होते. समितीने मला निर्दोष ठरवले, तरी सिरिंज भरताना माझा हात थबकू लागला. चूक सापडली असती तर ती सुधारता तरी आली असती; इथे सुधारण्यासारखे काहीच नव्हते, आणि तेच सोसवत नव्हते. भूल देताना अशी जीवघेणी ॲलर्जी सुमारे दहा हजारांत एकदा होते, असे ब्रिटनमधील २०१८ची राष्ट्रीय पाहणी सांगते. हा आकडा मला तोंडपाठ होता. तिच्या नवऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा तो कामाला आला नाही.

अशा वेळी आमच्या रुग्णालयातील ही सेवा मी घेतली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०११ साली सुरू झालेल्या उपक्रमाच्या धर्तीवर ती चालते : प्रशिक्षण घेतलेला सहकारी येऊन ऐकतो, नोंद ठेवत नाही आणि चौकशीशी त्याचा संबंध नसतो. माझ्याकडे अतिदक्षता विभागातील एक ज्येष्ठ सिस्टर आल्या. “मॅडम, झोप लागते का?” एवढेच त्यांनी विचारले आणि पाऊण तास माझे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. “तुमची चूक नव्हती” हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारले नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन, कारण त्या वाक्यानंतर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही.

सेवेच्या माहितीपत्रकात मात्र ‘दुसरा बळी’, म्हणजे रुग्णाला इजा झाल्यानंतर स्वतःही खचून जाणारा डॉक्टर वा परिचारिका, ही संज्ञा ठळक छापली आहे. अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ती सहानुभूतीपोटीच वापरली, तरी रुग्णाच्या घरच्यांच्या हाती ते पत्रक पडले तर त्यांना काय वाटेल, या विचाराने मला ती खटकते.

त्याहून मोठी उणीव म्हणजे ही सेवा फक्त कायम कर्मचाऱ्यांना मिळते. त्या सकाळी रुग्णाला धीर देत स्ट्रेचर आत आणणारे ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) मदतनीस मामा कंत्राटी आहेत. पुढे तिला बाहेरही त्यांनीच नेले. त्यांना झोप लागते का, हे विचारायला कोणी गेले नाही. समव्यवसायींना मी ही सेवा निःसंकोच सुचवते, पण मामांसाठी ती खुली होईपर्यंत पाचपैकी तीनच गुण देते.