अठरा हजारांचे ‘रियल’ युजर

आरत्यांचं अ‍ॅप चालवणाऱ्याचं वर्ष दहा दिवसांचं असतं. एरवी दिवसाला दोन-अडीचशे माणसं ते उघडतात. खालची जाहिरातीची पट्टी हजार वेळा दिसली की माझ्या हाती पंधरा-वीस रुपये. गणपतीत मात्र घराघरांत फोन हातात धरून आरती होते, आणि वर्षाचा सर्व्हरखर्च त्यातच निघतो.

2023 ला गणपती 19 सप्टेंबरला बसणार होते. त्याआधी प्ले स्टोअरवर आपलं अ‍ॅप वर दिसावं, हे डोक्यात बसलं. इन्स्टॉल वाढले की अ‍ॅप वर येतं म्हणून शोधलं, तर टेलिग्रामवर पैसे घेऊन इन्स्टॉल विकणारा एक जण भेटला. ‘सर, सगळे रियल युजर, इंडियन ट्रॅफिक. बॉट निघाला तर पैसे परत.’ बॉट म्हणजे माणसाचं सोंग घेणारा प्रोग्राम. आधी सहा हजार, मग बारा, दोन्ही यूपीआयने. पावती मागितली तर म्हणाला, ‘विश्वासावर चालतं सर आपलं.’

चौथ्या दिवशी महिन्याची कमाई एका दिवसात दिसली. मी बायकोला स्क्रीनशॉटही पाठवला, आता लाज वाटते.

मग सहज बारकाईनं पाहिलं. पहाटे तीन वाजता साडेचारशे जण आरती उघडून बसलेले! पान कुणीच खाली सरकवलेलं नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त दाबलं जातं ते अक्षर मोठं करायचं बटण, आजी-आजोबांचं. तेही एकानं दाबलं नव्हतं. अर्धा मिनिट थांबायचं, जाहिरातीवर बोट, बाहेर. एरवी शंभरातला एकही जाहिरात दाबत नाही, इथे अकरा. दुसऱ्या दिवशी परत आलेले शून्य.

मला तेव्हाच कळलं होतं, हे कबूल करतो. जाहिराती बंद करून त्या पुरवणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण आकडा गोड लागत होता, गप्प बसलो.

कंपनीच्या डॅशबोर्डवर, म्हणजे कमाईच्या पानावर, दिसते ती ‘अंदाजे’ मिळकत. खोटे क्लिक सापडले की ते पैसे कापून जाहिरातदाराला परत जातात, आणि त्याच्या नजरेत चोर कोण? खातं ज्याच्या नावावर तो. इन्स्टॉल विकणाऱ्याचं कुठेच नाव नसतं, त्याचे पैसे आधीच खिशात.

22 सप्टेंबरला मेल आला: संशयास्पद ट्रॅफिकमुळे तुमच्या खात्यावरच्या जाहिराती मर्यादित केल्या आहेत. बाहेर गल्लीत झांजा वाजत होत्या, अ‍ॅपवर आजवरची सगळ्यात जास्त खरी माणसं होती, आणि पडद्याच्या तळाशी कोरी पांढरी पट्टी. हिशेब झाला तेव्हा डॅशबोर्डवरच्या एकतीस हजारांतले दोन हजार एकशे चाळीस उरले. जाहिराती पूर्ववत झाल्या तेव्हा दसरा उलटून गेला होता.

1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. त्यांनी चॅट मागितलं, तर ते त्या विकणाऱ्यानं दोन्ही बाजूंनी उडवलेलं. टेलिग्रामवर तसं करता येतं, म्हणून व्यवहार सुरू असतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे फक्त यूपीआयच्या दोन नोंदी होत्या. शिवाय त्यानं इन्स्टॉल तर दिलेच होते, मग फसवलं कसं, हे समजावताना माझीच जीभ अडखळली.

विसर्जनाच्या दिवशी आई फोन बघत म्हणाली, ‘जाहिराती काढल्यास ते बरं केलंस हो. मधेमधे यायच्या.’