दातांच्या तारा आणि सफाईचं सामान: वर्षभर वापरल्यानंतर

दातांना तारा बसवून वर्ष होत आलं. निपाणीहून महिन्याकाठी बेळगावला दाखवायला जाते. तार आवळायचं काम डॉक्टरांचं, पण मधल्या महिनाभराची सफाई आपल्यालाच करायची असते. त्यासाठी जे जे घेतलं, त्यात खरं उपयोगी काय पडलं ते लिहिते.

पहिला मान इंटरडेंटल ब्रशला. बाटली धुवायच्या ब्रशचं हे काडीएवढं पिल्लू. तारेखालून घालायचं, दोन ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) मधे आधी वरून, मग खालून फिरवायचं. साधा ब्रश कितीही घासला तरी तारेच्या आडोशाला पोचत नाही आणि चिकट थर नेमका तिथेच, ब्रॅकेट आणि हिरडीमधल्या चिंचोळ्या पट्टीत धरतो. थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दाताच्या कवचातली खनिजं झिजतात. तारा काढल्यावर काहींच्या दातांवर ब्रॅकेटभोवती पांढरे निस्तेज डाग उरतात, ते यामुळेच. हे डाग बहुतेकदा पूर्ण जात नाहीत, म्हणून रात्रीचा हा ब्रश मी कितीही दमले तरी चुकवत नाही.

मोठा ब्रश ऑर्थोचा, म्हणजे तारा असलेल्यांसाठीचा घ्या, मधल्या ओळीचे केस आखूड असलेला. हिरडीकडे तिरका धरून, मग ब्रॅकेटच्या वर, मग खाली, अशी निदान दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. तारेवर घासून केस लवकर फिसकटतात, तसे दिसले की ब्रश बदलायचा. पेस्टमध्ये फ्लोराइड साधारण 1000 पीपीएम आहे ना, ते ट्यूबवर वाचून घ्या. आमच्या तंबाखूच्या पट्ट्यात अजून मिसरी लावणारी माणसं आहेत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तारा असोत नसोत, ती तोंडात नकोच.

वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने दातांच्या फटी धुणारं यंत्र, चांगला आहे, पण तो जोडीला. भाकरीचे कण, मेथीचं पान झटक्यात निघतं, चिकट थर मात्र ब्रशशिवाय सुटत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, नोजलमध्ये क्षार धरतात. गाळलेलं पाणी वापरायला लागल्यापासून धार नीट येते. पैसे मोजकेच असतील तर आधी ब्रश घ्या.

तार गालाला खुपली तर ऑर्थोचं मेण. लावण्याआधी ब्रॅकेट स्वच्छ कापडाने कोरडं करा, ओल्यावर ते चिकटतच नाही.

खाण्यात गोकाकचा करदंट बंद. डिंक-गुळाचा तो चिवट तुकडा ब्रॅकेट उचकटू शकतो. बेळगावचा कुंदा ही दुधाची मिठाई मऊ, तो खाते, पण लगेच खळखळून चूळ भरते. ऊस दाताने सोलणं नाही, कणसाचे दाणे सोडवून घ्यायचे. आणि ब्रॅकेटवर तार बांधायचे रबर पारदर्शक घेऊ नका, हळदीच्या आमटीने ते पिवळे पडतात. मी राखाडी घेते.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका, कारण ते बऱ्याचदा साचलेल्या थरामुळेच येतं. हलक्या हाताने नीट घासत राहा, आणि आठवड्यात कमी झालं नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.