व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर: कॉमा दिसतो, अर्थ निसटतो

इंग्रजी मजकुरातल्या चुका दाखवणारी सॉफ्टवेअर स्पेलिंगसाठी उत्तम आहेत. वर्णन करणाऱ्या शब्दसमूहाभोवतीच्या कॉमांसाठी मात्र त्यांच्यावर निम्माच भरवसा ठेवावा.

हे वाक्य घ्या: ‘द एम्प्लॉयीज हू हॅव कम्प्लीटेड फाइव्ह इयर्स विल गेट अ बोनस.’ म्हणजे पाच वर्षं झालेल्यांनाच बोनस. आता ‘एम्प्लॉयीज’नंतर एक आणि ‘इयर्स’नंतर एक कॉमा द्या. अर्थ फिरला: सगळ्यांचीच पाच वर्षं झाली आहेत आणि बोनस सगळ्यांना. दोन्ही वाक्यं शुद्ध, त्यामुळे सॉफ्टवेअर गप्प. कोणतं म्हणायचंय हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मराठी माणूस इथे हमखास अडतो, कारण ‘पाच वर्षं झालेले कर्मचारी’ म्हणताना वर्णन नामाच्या आधी येतं आणि दोन्ही अर्थ त्याच शब्दांत मावतात.

‘विच’च्या आधी कॉमा नसला की अनेक सॉफ्टवेअर खाली रेघ ओढतात आणि दोन पर्याय देतात: कॉमा द्या, नाहीतर ‘दॅट’ करा. पहिल्यावर डोळे झाकून क्लिक करू नका. ‘द फाइल विच यू सेंट इज करप्ट’ यात कोणती फाइल ते ‘विच’नेच कळतं, तिथे कॉमा चूकच. ब्रिटिश इंग्रजीत असं बिनकॉम्याचं ‘विच’ चालतं. तेव्हा आधी भाषेची सेटिंग पाहा.

बंद करणारा कॉमा विसरला, तर शब्दसमूह छोटा असताना चूक सहसा सापडते. तो लांबला आणि त्यात आणखी कॉमे आले की निसटू शकते. म्हणून सुरुवातीच्या कॉम्यावर बोट ठेवून त्याची जोडी स्वतः शोधा. शब्दसमूह वाक्याच्या शेवटी असेल तर पूर्णविराम पुरतो.

खरी कसोटी सॉफ्टवेअरबाहेरचीच. शब्दसमूह काढून वाक्य वाचा. कोण किंवा कोणतं ते तरीही कळलं, तर कॉमे द्या. नाही कळलं, तर देऊ नका. व्यक्तीच्या नावानंतर ‘हू’ आलं, तर बहुधा कॉमे लागतात, कारण नावानेच ओळख पटलेली असते. ‘माय ब्रदर अमित’ला मात्र भाऊ किती ते पाहावं लागतं: एकच असेल तर ‘अमित’च्या दोन्ही बाजूंना कॉमा, अनेक असतील तर एकही नाही. हा आकडा कोणत्याही सॉफ्टवेअरला वाक्यावरून कळत नाही.