भिंतीवरचा जांभळा डाग

बेडरूमच्या कोपऱ्यात, स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल दिसायला लागली तेव्हा मी आधी सगळे करतात तेच केलं. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वरून रंग मारला. चार महिन्यांत डाग परत, आधीपेक्षा मोठा. त्या कोपऱ्याची एक भिंत बाहेरची, वर एसी असलेली. दुसरीच्या पलीकडे बाथरूम. त्यामुळे बाथरूमचा पाइप आत कुठेतरी गळतोय, असं आम्ही दोघांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे आलेल्या माणसाला आम्हाला नवीन काही पटवावं लागलंच नाही. आमच्याच मनातलं त्याने रंगीत करून दाखवलं.

‘फोडाफोड न करता गळती शोधून देतो, तपासणी मोफत’ अशी जाहिरात बघून फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघे आले. एकाच्या हातात पिस्तुलासारखा थर्मल कॅमेरा, दुसऱ्याच्या खांद्याला बॅग. बोलणं अदबीचं, चपला न सांगता बाहेर काढलेल्या. कोपरा बघून कॅमेरेवाला म्हणाला, “सर, भिंतीवर धूळ आहे, रीडिंग चुकेल. एक ओलं फडकं मिळेल का?” मी स्वतः फडकं भिजवून, पिळून आणून दिलं. त्याने बाथरूमच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत पुसून घेतली. मला तर कौतुकच वाटलं, काय निगुतीने काम करतोय माणूस!

मग पाचेक मिनिटं तो नुसता बोलत राहिला. इमारत किती जुनी, आतले पाइप लोखंडी की प्लास्टिकचे, वर कोण राहतं. एसी बंद करू का विचारलं तर म्हणाला, “राहू द्या सर, उकडतंय.” आणि मग कॅमेरा चालू केला.

पडद्यावर पिवळी-नारिंगी भिंत आणि तिच्यावर कोपऱ्यातून सुरू होऊन बाथरूमच्या दिशेने चढत गेलेला जांभळा-निळा डाग. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं. हिने तर तोंडावर हात ठेवला. “हा कॅमेरा भिंतीत चार इंच आतलं बघतो,” तो म्हणाला. “जांभळं दिसतंय ते सगळं पाणी.” दुसऱ्याने बॅगेतून एक छोटं यंत्र काढून भिंतीला टेकवलं, ते टीं-टीं वाजलं. बाथरूममध्ये नेऊन चकचकीत नळावर एक लालभडक ठिपका दाखवला, “गरम पाण्याची लाइनही इथे ताण घेतेय.” जाता जाता शेवटचा घाव: सळयांना गंज धरायला लागला असेल, उशीर केलात तर प्रकरण स्लॅबवर जाईल.

रात्री पाच पानांचा रिपोर्ट आला. त्यात तीच चित्रं, मोठ्या अक्षरांत ‘गंभीर’, आणि शेवटच्या पानावर उपाय: बाथरूमची भिंत फोडून सगळे कन्सील्ड पाइप बदलणे, ग्राउटिंग, नव्या टाइल्स. काम कोण करणार? तेच. अर्धे पैसे आगाऊ. तपासणी मोफत का होती, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी जुना पाइप उघडा पडला, तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्याच्याभोवतीचा मसाला खडखडीत कोरडा. मी चिमटीत घेतला तर भुगा झाला, पांढरट राखेसारखा. मी विचारलं, “पाणी कुठाय?” तर म्हणे, “लाइन परवापासून बंद आहे ना सर, वाळलं.” चार महिने मुरलेली ओल दोन दिवसांत वाळते, हे मी ऐकून घेतलं. वाद कसला घालणार? बाथरूम फुटलेलं, अर्धे पैसे गेलेले आणि आंघोळीला शेजाऱ्यांकडे जावं लागत होतं.

काम संपेपर्यंत थंडी आली. कोपऱ्यातला डाग खरंच ओसरला, आम्ही खुशीत उरलेले पैसे चुकते केले. उन्हाळा लागला, पंधरा दिवसांत डाग जागच्या जागी हजर. फोन केला तर उत्तर मिळालं, “वॉरंटी पाइपची आहे सर, भिंतीची नाही.” त्यानंतर फोन उचललाच गेला नाही.

माझा एक मित्र कारखान्यात विजेच्या पॅनलची तपासणी करतो. कुठलं कनेक्शन ढिलं होऊन तापतंय हे बघायला रोज हाच कॅमेरा वापरतो. त्याला रिपोर्ट दाखवला. चित्राकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, आधी चित्राच्या कडेची बारीक रंगपट्टी बघितली. “हे आकडे वाचलेस का?” पट्टीच्या खाली होतं २५.२, वर २६.४. म्हणजे ते भयानक जांभळं आणि ते पिवळंधमक, दोघांत फरक सगळा मिळून सव्वा अंशाच्या आतला. कॅमेरा आपोआप सर्वांत थंड जागेला जांभळा रंग देतो आणि सर्वांत गरम जागेला पिवळा. दोन टोकांमधलं अंतर कितीही कमी असो, रंग सगळे वापरले जातात. चांगले कॅमेरे अंशाच्या विसाव्या भागाइतका फरकही पकडतात. त्यामुळे पट्टी आवळली की कुठल्याही निरोगी भिंतीवर रोग दाखवता येतो. तीच पट्टी १५ ते ३५ अशी ताणली की भिंत एकाच रंगाची, मुकाट. खरी थर्मल फाइल असेल तर प्रत्येक ठिपक्याचं तापमान तिच्यात साठवलेलं असतं आणि ही पट्टी नंतरही हलवून बघता येते. मला मिळाले होते नुसते फोटो.

मग तो म्हणाला, “आता डागाचा आकार बघ.” मी ते चित्र तोवर पन्नासदा पाहिलं असेल. वरच्या कडेला एकाशेजारी एक अशा चार कमानी होत्या, उजवीकडे झुकलेल्या, सारख्या रुंदीच्या. पाणी असं कमानी काढत चढत नाही. त्या फडक्याच्या फटकाऱ्याच्या खुणा होत्या, मनगटावर फिरवलेल्या हाताच्या. फडकं मी दिलेलं.

माझा चेहरा बघून त्याने हॉलमधली एक ठणठणीत कोरडी भिंत ओल्या फडक्याने पुसली, तीन-चार मिनिटं थांबला आणि कॅमेरा धरला. तोच जांभळा डाग, त्याच कमानी. हाताने चाचपलं तर भिंत जवळजवळ कोरडी.

गोष्ट साधी आहे. हा कॅमेरा म्हणजे दुरून लावलेला थर्मामीटर, क्ष-किरण नव्हे. त्याच्या मूळपुरुषाने, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने, १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तेच अवरक्त किरण. आजचा कॅमेरा भिंतीच्या पृष्ठभागावरून निघणारे हे किरण मोजतो. आतलं चार इंच काय, चार मिलिमीटरही त्याला दिसत नाही. पाणी तर मुळीच दिसत नाही. दिसतो तो पाण्यामुळे पृष्ठभागाच्या तापमानात पडलेला फरक. ओल्या जागेवरून पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, एका ग्रॅमला सुमारे २,४०० जूल. एवढ्या उष्णतेत अर्धा किलोहून जास्त पाणी एका अंशाने तापलं असतं. म्हणून पुसलेली भिंतही गार दिसते आणि आतून ओल आलेली भिंतही. एसीचा झोत लागलेली भिंत गार दिसते, विटांच्या भिंतीतला काँक्रीटचा खांब वेगळ्या रंगाचा दिसतो. कॅमेऱ्याला यातलं कारण कळत नाही, ते माणसाने शोधायचं असतं.

आणि निळं म्हणजे पाणी हेही खरं नाही. दिवसभर उन्हात तापलेल्या गच्चीवर सूर्यास्तानंतर कॅमेरा धरला तर उलटं दिसतं. कोरडा भाग लवकर निवतो आणि ज्याच्या खाली पाणी मुरलंय तो भाग उशिरापर्यंत उबदार राहतो, कारण तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटच्या चौपटीहून जास्त उष्णता पाणी धरून ठेवतं. जाणकार गच्ची तपासायला संध्याकाळ निवडतात ते यासाठी.

नळावरच्या लाल ठिपक्याचं विचारलं तर मित्र हसायलाच लागला. “तो तुम्हा तिघांपैकी कोणीतरी असेल.” चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्याची आरशासारखी परतवतो. गुळगुळीत टाइल्सही थोडाफार हाच खेळ करतात. टीं-टीं वाजणारं यंत्रही दगा देऊ शकतं. नुसतं टेकवायचा ओलमापक गिलाव्यातल्या लोखंडी जाळीवर किंवा सळईवरही वाजतो, आणि टोचायच्या ओलमापकाला भिंतीत साठलेले क्षार फसवतात. दहा ठिकाणचे आकडे भिंतीवर लिहून तुलना केली तर त्या यंत्राचा उपयोग. एकदा वाजवून दाखवणं हा नुसता तमाशा.

मला सगळ्यात चीड आली ती पुढच्या गोष्टीची. मित्राने विचारलं, “मीटर बघितलास का?” घरातले सगळे नळ बंद करायचे, फ्लश भरू द्यायचा आणि पाण्याच्या मीटरवरचा बारीक काटा दोन तास बघायचा. दाबाखालची लाइन गळत असेल तर ती चोवीस तास गळते, काटा सरकणारच. पाइप तर मी बदलूनच बसलो होतो, त्यामुळे माझ्यासाठी ही परीक्षा निरर्थक झाली होती. पण काम काढण्याआधी एका दुपारी एवढं केलं असतं तर ते बाथरूम आजही जुन्याच टाइल्सचं असतं.

खरं कारण त्याने दोन दिवसांत शोधलं. आधी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावून जमिनीवर दोन बोटं पाणी चोवीस तास साठवलं. पातळी उतरली नाही, कोपऱ्यातले आकडे बदलले नाहीत. मग त्याने विचारलं, “डाग थंडीत जातो, उन्हाळ्यात येतो. उन्हाळ्यात तुम्ही काय चालू करता?” मी वर बघितलं. एसीच्या निचऱ्याचा पाइप बाहेरच्या भिंतीत गाडलेला होता. दमट हवेत एसी दिवसाकाठी काही लिटर पाणी गाळतो, आणि ते पाणी दाबाने येत नाही, मीटरवरही दिसत नाही.

एसी रात्रभर बंद ठेवला, भिंत खोलीच्या तापमानाला येऊ दिली. सकाळी त्याने निचऱ्याच्या पाइपमध्ये हळूहळू कोमट पाणी सोडलं आणि कॅमेरा भिंतीकडे धरून स्टुलावर बसला. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. मग गिलाव्यावर एक फिकट उबदार रेघ उमटली, वरून खाली उतरत आलेली. कोपऱ्यापासून हातभर वर ती अचानक पंख्यासारखी पसरली आणि तिथेच थांबली. खालचं सगळं गार. तिथे पेन्सिलने फुली मारली. प्लंबरने तळहाताएवढा गिलावा काढला. दोन पाइपांचा जोड सुटलेला, पुढच्या पाइपात शेवाळासारखा गाळ ठासून बसलेला. खालच्या बाजूचा मसाला बोटाने दाबला तर ओला, काळपट.

म्हणजे कॅमेरा वाईट नाही. त्याच्यापुढे फरक कोणी निर्माण केला, पाइपात कोमट पाणी सोडून की भिंतीवर फडकं फिरवून, एवढंच बघायचं.

आता कोणी बोलवणार असाल तर माझ्या अनुभवावरून सांगतो. शोधणारा आणि दुरुस्त करणारा एक नको, मग तपासणीचे पैसे मोजावे लागले तरी चालतील. तो येण्याआधी काही तास एसी-पंखे बंद ठेवा, भिंतीला हात लावू देऊ नका, पुसू तर अजिबात नका. चित्र दाखवलं की आधी कडेचे आकडे वाचा आणि तोच कॅमेरा घरातल्या दुसऱ्या, कोरड्या भिंतीवर धरायला सांगा. मूळ थर्मल फाइली मागा. खरा माणूस त्या बिनतक्रार देतो आणि रिपोर्टात खोलीचं तापमान, आर्द्रता, वेळ आणि ओलमापकाचे आकडे लिहितो. माझ्या पाच पानांत यातलं एकही नव्हतं. ‘गंभीर’ मात्र सात वेळा. आणि फोडताना कोरडं निघालं तर तिथल्या तिथे काम थांबवा, फोटो काढा, पुढचा पैसा देऊ नका. मी हे केलं नाही. शरम वाटली होती, दुसरं काय. आपण फसलोय हे मजुरांसमोर कबूल करायची शरम.

पैसे परत मिळाले नाहीत. लेखी तक्रार केली आहे, रिपोर्ट आणि फोटो जोडून. कोरड्या मसाल्याचा एकही फोटो नसल्यामुळे ती बाजू लंगडी आहे.

भिंत मात्र वाळतेय, तिच्या गतीने. मित्राने सांगितल्याप्रमाणे ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख घालतो, दर पंधरवड्याला. आत्तापर्यंत पाच रेघा झाल्या आहेत, एकात एक. सगळ्यात आतली तळहाताहून लहान आहे. ती पुसली जाईपर्यंत रंगाऱ्याला बोलवायचं नाही, असं हिने बजावलंय.