एक फ्लाय रॉड की दोन? मराठवाड्याच्या जलाशयांवर जाणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

फ्लाय फिशिंगचा पहिला रॉड हाताला बसला आणि लाईन बऱ्यापैकी सरळ पडू लागली, की दुसरा रॉड घ्यावा का, आणि घेतलाच तर तो दरवेळी सोबत न्यावा का, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. थंड प्रदेशातील ट्राऊटच्या नद्यांवर या प्रश्नाची जी उत्तरे ठरून गेली आहेत, ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. धरणाच्या फुगवट्यालगत माजलेली वेडी बाभूळ, पाणी ओसरल्यावर उरणारा काळ्या मातीचा चिखल, उघड्या माळावरून येणारा वारा आणि काठापर्यंत पोहोचण्याचे आपले नेहमीचे वाहन असलेली मोटारसायकल, या गोष्टी इथे निर्णय फिरवतात. माझे मत आधीच सांगतो: काठाने पायी फिरून मासेमारी करणाऱ्याने हातात जोडलेला रॉड एकच ठेवावा आणि दुसरा असल्यास तो तुकडे सुटे करून पिशवीत ठेवावा. दोन्ही रॉड जोडून तयार ठेवण्याचा खरा लाभ होडीतून किंवा एकाच जागी थांबून मासेमारी करणाऱ्यालाच मिळतो.

मुळात एका रॉडने सगळे का भागत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. साध्या गळात शिसे किंवा आमिष यांच्या वजनाने दोरी लांब जाते, तर फ्लाय फिशिंगमध्ये पिसे आणि धागे गुंडाळलेल्या गळाला, म्हणजे फ्लायला, जवळपास वजनच नसते, म्हणून लाईनचे स्वतःचे वजन त्याला पुढे नेते. लाईनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या 30 फुटांचे, म्हणजे सुमारे 9 मीटरचे वजन होय. 5 नंबरच्या लाईनचे हे वजन प्रमाणानुसार 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम असते, आणि 8 नंबरच्या लाईनचे 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरते. रॉडही त्या त्या वजनाने वाकण्यासाठी घडवलेला असतो. त्यामुळे 5 नंबरच्या रॉडने केसाळ, पाणी शोषणारा मोठा फ्लाय फेकायला गेल्यास लाईन हवेतच कोसळते, आणि 8 नंबरच्या रॉडने बारीक फ्लाय टाकल्यास लाईन पाण्यावर आपटून उथळातले मासे उधळतात.

आपल्या जलाशयांत ही अडचण नेमकी दोन माशांमुळे येते. चिलापी उथळ पाण्यात, काठाजवळ, थव्याने असते. तिचे तोंड लहान असल्याने 10 ते 14 नंबरचे बारीक फ्लाय (फ्लायचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान) आणि 0.18 मिलिमीटरच्या आसपासचे टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा, तिला पुरते, आणि 4 किंवा 5 नंबरच्या रॉडवर ती सुंदर लढत देते. मरळ मात्र पाणवनस्पतीत, बेशरमीच्या झुडपांच्या बुडाशी, गढूळ आडोशाला दबा धरून असते. तिच्या तोंडात धारदार दात असतात आणि गळाला लागताच ती सरळ वनस्पतीत शिरते. तिच्यासाठी बेडकासारखा तरंगणारा, गवतात न अडकणारा मोठा फ्लाय, 0.40 मिलिमीटरचे किंवा त्याहून जाड टिपेट आणि तिला ओढून बाहेर काढील असा 8 नंबरचा रॉड लागतो. दोन्ही मासे एकाच खाडीत, एकमेकांपासून वीस पावलांवर असू शकतात. रोहू, कटला आणि मृगळ यांचा इथे फार विचार करण्याचे कारण नाही. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा, रोहू मधल्या थरात चरणारा आणि मृगळ तळाशी खाणारा मासा आहे, त्यामुळे ते फ्लायला लागले तर आनंद मानावा, पण त्यांच्यासाठी म्हणून दुसरा रॉड घेऊ नये.

दोन जोडलेल्या रॉडच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद मरळच पुरवते. या माशाला हवेतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्या बुडबुड्याने स्वतःची जागा उघड करतो. त्या क्षणी हातात चिलापीचा रॉड असेल आणि मरळीचा रॉड शेजारी जोडलेला, फ्लाय बांधलेला असेल, तर काही सेकंदांत अचूक फेक करता येते. रॉड तुकड्यांत असेल तर तो जोडून, दहा-अकरा कड्यांतून लाईन ओवून, फ्लाय बांधेपर्यंत पाच ते दहा मिनिटे सहज जातात आणि तोवर मरळ तिथे राहील याची शाश्वती नसते. (पावसाळ्याच्या सुमारास मरळीची जोडी पिलांच्या लालसर थव्याची राखण करताना दिसते. त्या वेळी ती कोणत्याही गोष्टीवर झेपावते, पण आई-बाप गेले की तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो, म्हणून अशा जोडीवर गळ टाकू नये, रॉड एक असो वा दोन.)

हा लाभ खरा असला तरी त्याची किंमत चालताना मोजावी लागते. प्रचलित फ्लाय रॉड 9 फुटांचा, म्हणजे 2.74 मीटर लांब असतो. त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास आणि रीळ व लाईन धरून एकूण तीनशे ग्रॅमपर्यंत भरते, म्हणजे ओझ्याचा प्रश्न नाहीच, प्रश्न लांबीचा आहे. वेड्या बाभळीच्या जाळीतून वाट काढताना एका रॉडचे टोक सांभाळणे जमते. टोक मागे आणि मूठ पुढे धरून चालले, की माणूस जिथून जातो तिथून रॉडही निघतो. दोन रॉड एकाच हातात धरले की एकाची लाईन दुसऱ्याच्या रिळात गुंतते, आणि ती सोडवायला थांबलो की टोके काट्यात शिरतात. दोन्ही रॉडच्या मुठी एकमेकींच्या उलट दिशेला ठेवून रबरी पट्ट्यांनी बांधण्याची युक्ती काही जण वापरतात. सपाट, मोकळ्या काठावर ती उपयोगी आहे, परंतु मग दुसरा रॉड तत्काळ हाताशी मिळण्याचा जो मुख्य लाभ होता, तोच उरत नाही.

दुसरा रॉड पाठीवरच्या पिशवीला उभा बांधून चालणे ही परदेशात सर्रास दिसणारी पद्धत आहे आणि मराठवाड्यात मी तिला ठामपणे विरोध करतो. आपल्या धरणांच्या फुगवट्यालगत शेतकऱ्यांच्या उपसा मोटारींसाठी ओढलेल्या विजेच्या तारा असतात आणि त्यांतील कित्येक झोळ पडून खाली आलेल्या असतात. बहुतेक रॉड ज्याचे असतात त्या कार्बन फायबरमधून वीज वाहते. पाठीवर उभा बांधलेला 9 फुटांचा रॉड माणसाच्या डोक्यावर कितीतरी उंच जातो, आणि तो आपल्या नजरेच्या मागे असल्याने तारेजवळ गेला हे कळतही नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, तर हातातला रॉड आडवा ठेवून दूर जाणे एका क्षणाचे काम आहे, पण पाठीवरचा सोडवायला वेळ लागतो.

रॉड जमिनीवर ठेवण्याविषयीही इथे वेगळा विचार करावा लागतो. पाणी ओसरते तसा गाळपेराचा पट्टा आणि त्यापुढे पायाखाली दबणारा काळा चिखल उघडा पडतो. त्यावर दुसरा रॉड ठेवला की बारीक माती रिळाच्या फटींत शिरते आणि वाळल्यावर ती दगडासारखी घट्ट होते. काठावर शेळ्या, म्हशी आणि त्यांच्यामागची मुले असतात, आणि जनावराच्या खुराखाली आलेला रॉड दुरुस्त होत नाही. त्यातच मासेमारीच्या भरात आपण पन्नास-शंभर पावले पुढे जातो आणि मग मागे ठेवलेल्या रॉडची चिंता लक्ष खात राहते. होडीत यांपैकी एकही अडचण नसते. तिथे मागे बाभूळ नसते, चिखल नसतो, आणि दोन्ही रॉड बाजूच्या फळीला टेकवून ठेवता येतात, म्हणून स्थानिक मच्छीमारांच्या होडीतून जायची सोय असेल तर दोन जोडलेले रॉड निःशंकपणे न्यावेत. धरणाच्या दगडी पिचिंगवर एकाच जागी बसणाऱ्यालाही हेच लागू पडते, फक्त दगडावर रॉड आपटू नये म्हणून गोणपाटाची एक घडी सोबत असू द्यावी.

आता एक रॉड आणि दोन स्पूल (रिळातला, लाईन गुंडाळायचा सुटा होणारा भाग) या तिसऱ्या पर्यायाकडे वळतो, कारण दुकानदार तो क्वचितच सुचवतात. एकाच रिळासाठी जादा स्पूल घेऊन एकावर तरंगणारी आणि दुसऱ्यावर बुडणारी लाईन ठेवली, तर पाण्याच्या खोलीचा प्रश्न सुटतो. एप्रिल-मे महिन्यांत उथळ पाणी तापते आणि मासे दिवसा खोल उतरतात, तेव्हा बुडणाऱ्या लाईनचा फरक स्पष्ट जाणवतो. कॅसेट पद्धतीच्या रिळासोबत प्लॅस्टिकचे जादा स्पूल येतात आणि तिथे खर्च केवळ लाईनचा राहतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे तरंगणाऱ्या लाईनच्या टोकाला फाशाने जोडायचा, दहा फुटांचा बुडणारा लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांच्यामधला दोरीचा तुकडा. तो दोन मिनिटांत बदलता येतो आणि बऱ्याचदा तेवढाच पुरतो. मात्र मर्यादाही ध्यानात ठेवावी. स्पूल बदलल्याने रॉडची ताकद बदलत नाही, त्यामुळे चिलापी आणि मरळ यांच्यातले अंतर स्पूल भरून काढू शकत नाही. ते अंतर थोडेफार 6 नंबरचा रॉड भरून काढतो. तो चिलापीला जरा भारी आणि मोठ्या मरळीला जरा हलका आहे, परंतु ज्याला एकाच रॉडवर थांबायचे आहे त्याने तोच घ्यावा असे मी सुचवीन.

वाऱ्याचा मुद्दा याच निर्णयाला जोडलेला आहे. बालाघाटच्या पठारावर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत, पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. जून-जुलैमध्ये या भागातल्या तलावांवर दुपारनंतर 4 नंबरची लाईन वाऱ्याविरुद्ध जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि 8 नंबरची कशीबशी जाते. सकाळी हलका रॉड आणि वारा सुटल्यावर जड रॉड, असा क्रम ज्याला पाळायचा आहे, त्याला दुसरा रॉड खरोखर उपयोगी पडतो. पण हा बदल दिवसातून एकदाच करायचा असल्याने दुसरा रॉड तोवर नळीत बंद असला तरी काहीच बिघडत नाही.

सुट्या स्वरूपात दुसरा रॉड नेण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. येलदरी किंवा इसापूरच्या काठावर रॉडचे टोक मोडले, तर जवळपास कुठेही ते टोक मिळत नाही. परभणी, हिंगोली, नांदेड इथल्या बाजारात साधे गळ, तंगूस आणि बांबूच्या काठ्या मिळतील, पण फ्लाय रॉडचे सुटे भाग मागवावेच लागतात. दीड-दोन तासांचा प्रवास करून गेलेल्याचा दिवस त्या मोडलेल्या टोकापाशी संपतो. चार तुकड्यांचा 9 फुटी रॉड पाऊण मीटरच्या नळीत मावतो. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी टोपणे बसवून आत कापड गुंडाळले, की मोटारसायकलला आडवी बांधता येईल अशी भक्कम नळी तयार होते, आणि अशा एका पाइपात दोन रॉड सहज बसतात. जोडलेला रॉड मोटारसायकलवर, अगदी एका तलावावरून शेजारच्या तलावावर जाण्यापुरताही, नेऊ नये. उन्हाळ्यात ही नळी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बंद ठेवणेही टाळावे, कारण सततच्या उष्णतेने मुठीचा कॉर्क आणि कड्यांवरचा लेप खराब होतो.

दोन रॉड नेणे आणि दोन रॉड एकाच वेळी पाण्यात ठेवणे या स्वतंत्र बाबी आहेत. कॅलिफोर्नियात एकाच वेळी दोन रॉड वापरण्यासाठी वेगळी परवानगी विकत घ्यावी लागते. आपल्याकडे प्रश्न निराळा आहे: बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि त्यांची संमती घेतल्याशिवाय गळ टाकणे योग्य नव्हे. नाथसागराचा परिसर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. फ्लाय फिशिंगमध्ये रॉड सतत हातात हलता असतो, त्यामुळे दुसरा रॉड पाण्यात सोडून ठेवण्यात तसाही अर्थ नाही. संस्थेच्या लोकांना मात्र दोन जोडलेले रॉड पाहून तुम्ही जास्त मासे नेण्यासाठी आलात असे वाटू शकते. मासे परत सोडणार असाल तर ते आधीच सांगावे.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी 6 नंबरचा रॉड, मग त्याच रिळासाठी दुसरा स्पूल किंवा बुडणारा लीडर, आणि एक पूर्ण वर्ष, म्हणजे भरलेले धरण आणि आटलेले धरण दोन्ही पाहून झाल्यावर, गरज वाटल्यास दुसरा रॉड. तो पहिल्यापेक्षा किमान दोन नंबरांनी वेगळा असावा, कारण 5 आणि 6 असे शेजारचे दोन रॉड जवळ बाळगून हाती काहीच वेगळे लागत नाही. ज्याचा जीव मरळीत गुंतला आहे त्याने 8 नंबरचा घ्यावा. ज्याला काश्मीरच्या लिद्दरवर किंवा हिमाचलच्या तीर्थनवर ट्राऊटसाठी जायचे आहे त्याने 4 नंबरचा घ्यावा, त्या प्रवासात 6 नंबरचा जादा रॉड म्हणून सोबत न्यावा, आणि परतल्यावर 4 नंबरचा रॉड चिलापीसाठी वाऱ्याआधीच्या सकाळी वापरावा.