नवा प्रोसेसर आणि छोटा माइक: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्याच्या कानात ऑपरेशन करून बसवतात ते मशीन, मला लहानपणीच बसलं. आतला भाग अजून तोच आहे, पण जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनात म्हणून आवाज टिपून आत पाठवणारा कानामागचा प्रोसेसर गेल्या वर्षी बदलावा लागला. तेव्हापासून लातूरचं कॉलेज, क्लास, खोलीवरच्या मैत्रिणी, सगळं याच्यावरच चाललंय. आवाज किती स्वच्छ येतो ते कंपनीवाले सांगतातच. चारचौघांत वावरताना आमच्या वयाच्या पोरापोरींना काय फरक पडतो, ते कुणी लिहीत नाही.

घेताना पहिला वाद झाला तो डोक्यावर चिकटणारा बटणासारखा घ्यायचा की कानामागचा, यावर. मामी म्हणाली, "बटणाचंच घे. केसाखाली झाकून जातंय, लग्नाच्या टायमाला बरं पडंल." मी कानामागचाच घेतला, तोही गडद निळा, आणि केस वर बांधते. मशीन दिसलं की माणूस आपसूक माझ्याकडे तोंड करून बोलतो. झाकलं की लोक विसरतात, पाठीमागून हाक मारतात आणि ओ दिली नाही की पोरगी शिष्ट ठरते. खोलीवर नव्या आलेल्या मुलीनं विचारलं, "हे काय लावायलीस गं?" मी कॉइल, म्हणजे प्रोसेसरची डोक्याला चिकटणारी चकती, काढून तिच्या हातात दिली. तिनं ती कॉटच्या लोखंडी पाइपला चिकटवून बघितली, मॅग्नेट आहे म्हणून हसली, आणि विषय तिथंच संपला.

पैसे खरे वसूल झाले ते सोबतच्या छोट्या माइकमुळे. चांगल्या कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम करायला, नसेला विजेचे इशारे देणारे, कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड. तेवढ्यावरून मेंदूनं शब्द जुळवायचे. म्हणून शांत खोलीत मला नीट कळतं, आणि पंखे घरघरणाऱ्या, पोरांनी भरलेल्या क्लासच्या हॉलमध्ये निम्मे शब्द हातचे जातात, संध्याकाळी डोकं जड होतं. यात मठ्ठपणा काही नाही. शाळेतल्या कितीतरी मुलांना हे कुणी सांगतच नाही, आणि ती स्वतःला ढ समजून बसतात. याचं मला फार वाईट वाटतं. माइक सरांच्या कॉलरला लावला की त्यांचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये येतो. पहिल्या दिवशी सरांपुढे जाऊन "सर, हा लावाल का?" म्हणताना घशाला कोरड पडली होती. आता मी हात वर करून शंका विचारते, आणि ऐकू आलं नाही तर "परत सांगा" म्हणते. तास संपला की सर माइकसकट निघतात, मग जिन्यापर्यंत पळावं लागतं, तेवढंच.

समुपदेशक ताईंनी माझ्याकडून रोझेनबर्ग यांची आत्मसन्मानाची प्रश्नावली दोनदा भरून घेतली, मशीन बदलण्याआधी आणि आत्ता. १९६५ सालची, १० विधानांची. त्यात ऐकण्याबद्दल एकही विधान नाही! आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत असं वाटतं का, या विधानावर माझं उत्तर बदललं. घरचे मात्र मॅपिंगहून, म्हणजे मशीनचं सेटिंग जुळवून, आलं की एवढंच विचारतात, "किती आवाज ओळखलेस?" मैत्रिणी किती झाल्या, हेही विचारा की.

त्रास आहेतच. एप्रिल-मे महिन्यांत घामानं कानामागं चिकचिक होते. रात्री ओल शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवायला विसरलं की सकाळी आवाज खरखरतो. स्कूटीवर स्कार्फ बांधला की कॉइल सरकते, हेल्मेटखाली तर निसटतेच. माइक चालू असला की चार्जिंगची बॅटरी दुपारनंतर मान टाकते, आणि गावाकडे लाइटीचा भरवसा नाही, म्हणून जादा बॅटरी जवळ लागतेच. मॅपिंगला पुण्याला जावं लागतं, अख्खा दिवस मोडतो. येळवसला, म्हणजे शेतात जेवायला जातो त्या वेळ अमावस्येला, शेतात वारं सुटलं तेव्हा माइकमध्ये नुसता घोंघाट. मग सगळे कडब्याच्या कोपीत भज्जी-आंबील घेऊन गोल बसले, मी छोटा माइक मधोमध ठेवला. आज्जीनं तो उचलून तोंडाजवळ धरला आणि माझ्या आईच्या लहानपणीच्या खोड्या सांगत बसली. त्या मला आजवर अर्ध्यामुर्ध्याच कळल्या होत्या.

आईबापांना एक सांगते. लहान मुलांचं इम्प्लांट केंद्राच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून होऊ शकतं, पण बॅटऱ्या, केबल, पुढं मशीन बदलणं, हा खर्च मागं लागलेलाच असतो. तो आधीच विचारून घ्या. पोरगं क्लास-कॉलेजच्या वयाचं असेल, जुना प्रोसेसर अजून चालत असेल आणि पैसे बेताचे असतील, तर नवा प्रोसेसर थांबू द्या, आधी माइक घ्या. आपल्या मॉडेलला जुळतो का, ते ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे कानाचं मशीन जुळवणाऱ्या तज्ज्ञाकडून, पक्कं करा, आणि दुकानात पोराला सोबत न्या. रंग त्यालाच निवडू द्या.